तलंगीची अंडी

पहिलं अंडं लिंबाएवढं निघालं आणि शकुबाईनं तेव्हाच मनात धरलं, की सुनेनं काहीतरी केलंय.

कोंबडीनं लहान अंडं घातलं, यात सुनेचा काय संबंध, असं कोणीही शहाणा विचारील. आमच्या वस्तीत तेव्हा कोणी विचारलं नाही. म्हणून ही गोष्ट सांगावी लागते.

वस्ती नाशिकरोडची, रुळांच्या पलीकडची. साल ऐंशी. सगळी घरं बौद्धांची. कोणी रेल्वेत हमाल, कोणी शाळेत शिपाई, दोनतीन कारकून, एखादा मास्तर. मधोमध पत्र्याचं बुद्धविहार. विहाराच्या मागे पडवी होती. तिच्यात सतरंज्या, बांबू, लेझीम आणि जयंतीचा लांब भोंगा असं सगळं सामान वर्षभर धूळ खात पडलेलं असायचं. आमच्या आईबापांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले टाक उचलून नदीत सोडले होते. हे आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचो. टाक गेले खरे. काय काय राहिलं ते पुढे दिसेल.

शकुबाई विधवा बाई. एका दवाखान्यात झाडलोटीला जायची. त्याआधी सिन्नर फाट्याकडच्या एका पोल्ट्री फार्मवर ती झाडायला होती, आणि तिथून येताना बाद केलेल्या पांढऱ्या कोंबड्या घेऊन आली होती. त्या कोंबड्या खोक्यात बसायच्या, खोक्यात अंडं घालायच्या, मोठं, पांढरंशुभ्र, मुठीत न मावणारं. घालून झालं की उठून दाणे टिपायच्या. लपणं नाही, छपणं नाही, अंडी उबवायला खुडूक बसणं नाही. शकुबाईनं फार्मवर बघितल्या त्या अशाच जुन्या कोंबड्या. तलंगींचं, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांचं शेड वेगळं असायचं, तिकडं तिला कधी कोणी पाठवलं नाही. तरी वस्तीत कोंबडीचं काही निघालं की ती म्हणायची, "मला शिकवू नका. मी फार्मवर होते."

एकोणऐंशीच्या मे महिन्यात तिच्या मुलाचं, काळूचं लग्न झालं. सून सटाण्याकडची, नवसा. आईबापाची पोरं जगत नव्हती म्हणून वणीच्या देवीला नवस बोलले होते, त्यातली ही. आमच्या वस्तीचे पुढारी सहादू नाना. त्यांना हे नाव खटकलं. त्यांनी लग्नातच माईकवरून जाहीर केलं, "आजपासून सूनबाईंचं नाव सुजाता." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला नवसाच म्हणायला लागले, आणि सुजाता म्हणून हाक मारली की ती वळूनच बघायची नाही.

लग्नानंतर महिनाभरात मानमोडी आली. शकुबाईच्या पांढऱ्या कोंबड्या एकामागून एक माना मुरगाळून मेल्या. रुळांच्या अलीकडच्या, पलीकडच्या, सगळ्यांच्याच मेल्या. पण शकुबाई म्हणाली, "हिच्या पायगुणानं गेल्या."

बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या बाया हे ऐकून माना डोलवत होत्या.

नवसा दिवाळीला माहेरी गेली आणि येताना पाटीत चार तलंगी घेऊन आली. दोन तांबड्या, एक काळी, एक राखी ठिपक्यांची. सटाण्याहून एस.टी.त मांडीवर पाटी धरून. कंडक्टरनं कटकट केली तेव्हा त्याला म्हणाली, "यास्नी तिकीट नही शे का?" ही गोष्ट काळूनं वस्तीत सांगितली आणि पुढे कित्येक दिवस पोरं तिला बघून "नही शे, नही शे" करत होती. तीही हसायची. हसणारी पोरगी होती.

म्हणजे कोंबड्या तिच्या. तिच्या आईनं तिला दिलेल्या. हे ध्यानात ठेवा.

फाल्गुनात तलंगींचे तुरे लाल झाले. हात लावला की पंख पसरून बसकण मारायला लागल्या. शेजारच्या कलाबाईनं भिंतीवरून बघून सांगितलं, "नवसा, आता घालतील बघ. खुराड्यात जरा भुसा टाक, एखादं खोटं अंडं ठेव. नाहीतर कुठंही जाऊन घालतील. पहिलटकरणी आहेत, त्यांना कुठं कळतं."

"तू नको शिकवू तिला," शकुबाई आतून म्हणाली. "मी फार्मवर होते."

मग ते लिंबाएवढं अंडं आलं. एका तांबडीनं घातलं होतं, चुलीमागच्या गोवऱ्यांवर. त्यावर रक्ताची बारीक रेघ. शकुबाईनं ते तळहातावर घेऊन पुन्हा पुन्हा फिरवलं.

"हे कोंबडीचं आहे का चिमणीचं?"

"तिचंच आहे आत्या. तिथंच सापडलं."

"एवढ्या मोठ्या कोंबडीचं एवढंसं अंडं? मी आंधळी आहे का?"

आता शकुबाईच्या एका सवयीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावरच गेलं. ती सकाळी कोंबड्या मोकळ्या सोडायच्या आधी एकेक कोंबडी बगलेत धरायची, शेपूट वर करायची आणि करंगळी आत घालून बघायची. अंडं लागलं की म्हणायची, "आज आहे." नाही लागलं तर सोडून द्यायची. ही रीत जुनी, आमच्या सगळ्या म्हाताऱ्या करायच्या. पांढऱ्या कोंबड्यांच्या वेळी शकुबाईचं बोट कधी चुकलं नव्हतं. बोटाला लागलं की संध्याकाळी खोक्यात अंडं असायचंच. तिचा देवावर विश्वास नव्हता, या बोटावर होता.

तलंगींनी त्या बोटाची पार वाट लावली.

ती सकाळी चाचपून म्हणायची, "काळीला आहे, ठिपकीला आहे." मग दवाखान्यात जायची. संध्याकाळी आली की घरात एखादंच अंडं, तेही बारकं. कधी एकही नाही. कधी कवच नसलेलं, नुसत्या पडद्याचं, हाताला मऊ लागणारं. पुढे एक दिवस काय झालं, तांबडीनं एकदम मोठं घातलं, फोडलं तर आत दोन बलक. आणि नंतर दोन दिवस काहीच नाही.

तरण्या कोंबडीचं असंच असतं. सुरुवातीला तिच्या अंगाला वेळ कळत नाही. आज घालील, उद्या नाही, परवा दुपारी घालील, नंतर संध्याकाळी. बारकं घालील, मऊ घालील, जोडबलकी घालील. आणि जागा तर तिला कुठलीच पसंत नसते. अंधारी, आडोशाची, जिथं माणसाचा हात पोचत नाही अशी जागा ती शोधते. काही महिने गेले की अंगाची घडी बसते, अंडं मोठं होतं. कलाबाईला हे माहीत होतं. खेड्यातून आलेल्या निम्म्या बायांना माहीत होतं. शकुबाईला माहीत नव्हतं. तिला फार्म माहीत होता.

तिनं हिशेब केला तो असा. बोटाला अंडं लागतं, म्हणजे अंडं आहे. संध्याकाळी नाही, म्हणजे कोणीतरी घेतलं. जे मिळतं ते बारकं, म्हणजे मोठं बदलून बारकं ठेवलं. दिवसभर घरात कोण? नवसा.

एक दिवस तिनं नळावर, बायांच्या रांगेत तोंड उघडलं. "माझी सून अंडी खाते. खाते तर खाते, वर बदलून ठेवते. वाण्याकडून बारकी आणते आन् मोठी त्याला देते."

"असं नको बोलू गं शकू," कलाबाई म्हणाली. "तलंगी आहेत त्या. लपवून घालत असतील."

"लपवून घालायला त्या काय चोर आहेत?"

"मग नवसा चोर आहे?"

"मी नाव घेतलं का?"

नाव घेतलंच होतं. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. काळू कामावरून आला, त्याला रस्त्यातच कोणीतरी म्हणालं, "काय काळू, आम्लेट बिम्लेट चालू आहे म्हणे घरात?" काळू घरी येऊन गप्प बसला. हा काळूचा सगळ्यात मोठा गुण. तो दारू पीत नव्हता, मारत नव्हता, आणि बोलतही नव्हता. बायको चोर म्हणून वस्तीत फिरवली जात होती आणि हा भाकरी कुस्करत होता. असल्या गरीब स्वभावाला आमच्यात फार मान आहे. मला त्याची चीड येते.

सहादू नानांनी रविवारी वंदना झाल्यावर सगळ्यांना थांबवून घेतलं. नाना पलटणीतून परत आलेले, मिशीवाले, बोलण्यात पक्के. वस्तीचा नळ त्यांनी आणला, विहाराचे पत्रे त्यांनी टाकले. ते खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण आपण पंचायत मोडली असं म्हणणाऱ्या माणसांपैकी ते होते, आणि दर रविवारी तीच पंचायत सतरंजीवर भरवायचे. नाव फक्त बैठक.

"सुजाता, पुढे ये," नाना म्हणाले.

नवसा हलली नाही.

"नवसा, ये गं," कलाबाईनं कोपर मारलं, तेव्हा ती उठली.

"हे बघ पोरी. आपल्यात आता देवाची शपथ नाही. भंडारा उचलणं नाही, बेल उचलणं नाही. आपण विज्ञानवादी लोक. तेव्हा असं कर, मूर्तीवर हात ठेव, बाबासाहेबांच्या फोटोकडे बघ आणि दुसरं शील म्हण, चोरी न करण्याचं. अदिन्नादाना वेरमणी. म्हण, की मी अंडं घेतलं नाही. विषय संपला."

ऐकताय ना? आमच्या आज्याला पाटलाच्या चावडीवर भंडारा उचलायला लावायचे. तो खोटा निघाला तर वंश बुडेल म्हणायचे. आम्ही भंडारा टाकला आणि त्या जागी बुद्ध ठेवला. उचलायला लावणं तेच.

नवसानं मूर्तीकडे बघितलं. मग नानांकडे. "मी नाही ठेवणार हात."

सतरंजीवर कुजबूज झाली. शकुबाई म्हणाली, "बघा. बघितलं? मनात पाप आहे."

"का नाही ठेवणार?" नानांनी विचारलं.

"ते शील मी रोज म्हणते नाना. आज सकाळी म्हटलं, आत्ताही म्हटलं तुमच्याबरोबर. तुम्हीही म्हटलं. ते मी माझ्यासाठी म्हणते. तुम्हाला दाखवायला कशाला म्हणू? आणि मूर्तीला हात लावून खोटं बोललं तर काय होतं? काही होतं का?"

नानांनी होतं म्हणावं तर विज्ञानवाद गेला, नाही म्हणावं तर शपथ गेली. मग अशा वेळी मोठी माणसं करतात तेच त्यांनी केलं. आवाज चढवला.

"जयंतीपर्यंत मुदत. तोवर कबूल करायचं, नाहीतर शील घ्यायचं. नाहीतर तुझ्या बापाला निरोप धाडतो. जयंतीला येईल आणि घेऊन जाईल तुला. चोरी करणारी सून वस्तीत नको."

काळू खाली बघत होता. सतरंजीचा एक धागा निघाला होता, तो ओढत होता.

नवसाचा आवाज आता कापत होता, आणि कापला की तिच्या तोंडून माहेरची बोली यायची. "मनी काय चूक शे? कोंबड्या मन्या आईन्या. तुम्ही ठेवा ना. घेऊन जा तुमच्या घरी. विठाबाईंना बघू दे. तिथं मोठी अंडी पडली तर मी चोर."

हे बोलणं नानांना आवडलं. विठाबाई म्हणजे त्यांची बायको. तिच्याएवढी कडक बाई वस्तीत दुसरी नव्हती, पाण्याचा हंडा इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. नानांचं घर विहाराला लागूनच. त्याच संध्याकाळी चारही कोंबड्या तिकडे गेल्या. सटाण्याला निरोपही त्याच आठवड्यात गेला. आठवडे बाजाराला जाणाऱ्या एका कांदेवाल्याजवळ नानांनी तो दिला. तो उशिरा दिला तरी चाललं असतं.

आता रोज सकाळी शकुबाई दवाखान्यात जाण्याआधी नानांच्या अंगणात जाऊन कोंबड्या चाचपायची. विठाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"काळीला आहे," शकुबाई म्हणायची. "तांबडीला आहे. लक्ष ठेव विठा."

"मला सांगतेस?"

संध्याकाळी शकुबाई परत. "किती?"

"एक."

"एकच? काळीचं कुठं आहे?"

"मला काय माहीत. मी काय तिच्या मागं मागं फिरू?"

दोनतीन दिवस असं चाललं. जी अंडी सापडायची ती पहिल्यापेक्षा जराशी मोठी, पण पांढऱ्या कोंबड्यांच्या अंड्यापुढे काहीच नाही. मग एक दिवस काळी कोंबडी संध्याकाळी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"मुंगसानं नेली," विठाबाई म्हणाली.

"पीस नाही, रक्त नाही, कसलं मुंगूस?" शकुबाई म्हणाली. मग जरा थांबून, तोंडातल्या तोंडात, पण ऐकू जाईल असं, "काल तुमच्याकडं पाहुणे होते म्हणे."

झालं. विठाबाईनं हातातला चिमटा फेकला. "मला चोर म्हणतेस? माझ्या घरात येऊन? सुनेला म्हणालीस, पचलं, आता मला?" तिनं शकुबाईच्या सात पिढ्या काढल्या, आणि शकुबाईनं तिच्या. पोरं गोळा झाली, कुत्री भुंकायला लागली. नाना बनियनवर बाहेर आले. "अगं हळू, हळू. शकू, तू घरी जा. विठा, तू आत हो."

गर्दीतून नवसा पुढे आली. ओरडली नाही. म्हणाली, "नाना, विठाबाईंनाही शील द्या की. मूर्तीवर हात ठेवून."

कलाबाईनं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला.

"ती गोष्ट वेगळी आहे," नाना म्हणाले.

"काय वेगळी?"

"विठाबाईला सगळी वस्ती ओळखते."

"मग मला का नाही ओळखत? मी येऊन वर्ष होत आलं."

नाना आत गेले आणि दार लावून घेतलं. लोक पांगले. घरी जाताना जो तो म्हणत होता, पोरगी फाटक्या तोंडाची आहे. तिनं विचारलेल्या प्रश्नाबद्दल कोणी बोललं नाही. त्या दिवसानंतर शकुबाईही जरा गप्प झाली. विठाबाई अंडी चोरणारी नाही, हे तिला ठाऊक होतं. मग अंडी जातात कुठं? पण बोट खोटं आहे असं म्हणायला तिची जीभ वळत नव्हती.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी पडवीतलं सामान बाहेर निघालं. बांबू निघाले, सतरंज्या झटकल्या. भोंगा तळाशी, गोणपाटाखाली आडवा पडलेला होता. गेल्या वर्षीच्या निळ्या पताका कोणीतरी आळसानं त्याच्याच तोंडात कोंबून ठेवल्या होत्या. वायरमन वाल्मीकनं पताका काढायला आत हात घातला आणि बोंबलत मागे पडला.

"साप! साप आहे आत!"

"चावला का?"

"चावला! नाही, टोचलं! हे बघा!"

लोक काठ्या घेऊन धावले. एकानं काठीनं गोणपाट उचललं. आतून जो आवाज आला तो सापाचा नव्हता. कलाबाई मागून ओरडली, "काठी खाली ठेव मेल्या, कोंबडी आहे ती!"

भोंग्याच्या तोंडात काळी बसली होती. पिसं फुलवलेली, डोळे लाल, मान ताठ. खुडूक. हात जवळ गेला की टोच मारत होती. नवसा वाकून गेली, तिनं काळीला दोन्ही हातांनी अलगद उचललं. खाली निळ्या पताकांचं घरटं. त्यात अंडी.

बाया पुढे घुसल्या. बाप्ये बाजूला झाले, कारण बघण्यासारखं काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं. बायांना कळलं. सगळ्यात आत, भोंग्याच्या निमुळत्या बाजूला होती ती लिंबाएवढी. एक मऊ कवचाचं, वाळून चपटं झालेलं. मग जरा मोठी, मग आणखी मोठी, आणि सगळ्यात वर, काळीच्या पोटाखालची, चांगली भरलेली. तांबूस, मळकट पांढरी, एकावर ठिपके. चौघींनीही तिथंच घातली होती. घर शकुबाईचं असो नाहीतर नानांचं, त्यांनी आपली जागा सोडली नव्हती.

शकुबाई त्या दिवशी लवकर सुटून दवाखान्यातून येत होती ती गर्दी बघून थांबली. कलाबाईनं एक एक अंडं काढून तिच्या ओच्यात ठेवलं. बारकं आधी, मोठं नंतर. नुसती ठेवत गेली. शकुबाई ओच्याकडे बघत उभी. शेवटचं अंडं ठेवल्यावर कलाबाई म्हणाली, "फार्मवर असं नसतं ना?"

हशा पिकला. नानाही हसले. सुटल्यासारखे हसले. "चला! निकाल लागला. विषय संपला. वाल्मीक, भोंगा चढव. विठा, चहा टाक सगळ्यांना."

"माझा नाही संपला," नवसा म्हणाली. काळी तिच्या काखेत होती.

"आता काय?"

"रविवारी सगळ्यांसमोर म्हणालात चोर. आता सगळ्यांसमोर सांगा, नाही म्हणून. इथं आहेत ते मूठभर. मला चोर म्हणणारे पुऱ्या वस्तीत आहेत."

"अगं सांगतील लोक एकमेकांना."

"चोर म्हणून सांगितलं, ते लवकर पोचलं. हे नाही पोचणार. भोंगा आहे ना? त्यावर सांगा."

नानांची मिशी हलली. "जयंतीच्या माईकवर अंड्यांच्या गोष्टी? काही पवित्रता आहे का नाही?"

नवसा विहाराच्या पायरीवर जाऊन बसली. कोंबडी मांडीवर. विठाबाईनं चहा आणला तो तिनं घेतला नाही. काळू दोनदा आला, "चल ना घरी," म्हणाला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "तुम्ही सांगता का माईकवर?" तो उठून भोंग्याची वायर धरायला गेला.

ऊन उतरलं. भोंगा बांबूवर चढला. आणि तेवढ्यात रुळांकडून एक माणूस आला. धोतर, डोक्याला पागोटं, हातात रिकामी पिशवी. मान खाली. नवसाचा बाप, धोंडीराम. त्याला निरोप पोचला होता, अगदी वेळेवर.

नाना लगबगीनं पुढे झाले. "या या पाहुणे! बरं झालं आलात. जयंतीला बोलावलं होतं तुम्हाला. आपल्या वस्तीची जयंती बघण्यासारखी असते."

धोंडीराम गोंधळला. त्यानं आळीपाळीनं सगळ्यांकडे बघितलं. "जयंतीले? मले त सांगं का पोरगीनं..." मग पायरीवरच्या पोरीकडे बघून म्हणाला, "काय व्हयनं नवसा?"

"नानांना विचारा, कशाला बोलावलं ते."

नाना घसा साफ करत राहिले. वाल्मीकनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. भोंगा खरखरला. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग..."

शकुबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ओचा तसाच, अंड्यांनी भरलेला. ती चालत गेली आणि एका हातानं वाल्मीकच्या हातातला माईक ओढला. तिला माईक धरायचा कसा ते माहीत नव्हतं. तोंडाला इतका चिकटवला की पहिलं वाक्य कोणाला कळलंच नाही. वाल्मीकनं जरा लांब धरायला सांगितलं.

"मी शकुबाई बोलते," भोंगा म्हणाला. रुळांपर्यंत ऐकू गेलं असेल. "माझ्या सुनेला मी चोर म्हणले. तिनं अंडी चोरली नाहीत. ह्याच भोंग्यात होती. कोंबड्या तिच्या आईच्या. अंडी तिची. तिच्याच अंड्यांची ती चोर कशी होईल, हे मला कळायला पाहिजे होतं. नळावर मी बोलले. माझंच बोट, माझंच तोंड. आणखी कोणाचा दोष नाही." थांबली. तिला काहीतरी आठवलं. "विठाबाईलाबी बोलले. ते बी खोटं. आता नाना, तुमचं काय ते तुम्ही बोला."

तिनं माईक नानांपुढे धरला.

नानांनी माईक घेतला. सगळी वस्ती दारात उभी होती. त्यांनी नवसाकडे बघितलं, धोंडीरामकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी बरोबर आठ वाजता ध्वजारोहण होईल. सर्व बंधूभगिनींनी पांढरे कपडे घालून वेळेवर हजर राहावं. जयभीम."

बस. एवढंच. नळ आणणारा माणूस, पत्रे टाकणारा माणूस, त्याला एक वाक्य उचललं नाही. त्यापेक्षा शकुबाई मोठी. मी हे तेव्हाही त्यांना तोंडावर म्हणालो होतो, आता लिहून ठेवतो.

नवसा पायरीवरून उठली. बापाजवळ गेली.

"चाल घर," धोंडीराम म्हणाला. डोळे पुसत नव्हता, वाहू देत होता. "मनी पोर चोर नही शे, हाई सगळ्यास्नी आयकं. आते चाल. आठे या वस्तीमा नको ऱ्हावू."

नवसानं काखेतल्या काळीकडे बघितलं. "ही बसली शे बाबा अंड्यांवर. हिला एस.टी.त कसं नेऊ? गार पडतील अंडी. पिल्लं निघू दे. मग बघू."

"मग बघू?" शकुबाई मागून म्हणाली.

"मग बघू आत्या."

शकुबाईनं मान हलवली. ओच्यातली अंडी सांभाळत ती पुढे झाली, आणि घरी गेल्यावर तिनंच डालगं काढलं, खाली राख आणि भुसा टाकला. नवसानं अंडी कानाशी हलवून बघितली. जुनी झालेली, डचमळणारी तिनं बाजूला काढली, चांगली ठेवली, त्यांवर काळीला बसवलं. काळी जरा रुसली, उठली, पुन्हा बसली. धोंडीराम ओट्यावर बसून हे बघत होता. काळूनं त्याला पाणी दिलं. मग डालग्यावर पोतं टाकत काळू म्हणाला, "मी बोलायला पाहिजे होतं." नवसा म्हणाली, "हो."

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिघी घरी आल्या. सकाळी शकुबाई सवयीनं खुराड्यापुढे उकिडवी बसली. तिनं एक तांबडी काढली, बगलेत धरली, शेपूट वर केली. मग तिचं लक्ष गेलं. नवसा दारात उभी होती, हातात कण्यांची वाटी.

"चाचपू का?" शकुबाईनं विचारलं.

"नको."

"बरं," शकुबाई म्हणाली, आणि तांबडीला खाली सोडून दिलं. तांबडी पंख झाडून विहाराच्या बाजूला निघाली. यावेळी दोघीही तिच्या मागे गेल्या.